दारात उभं राहून सांगायची बातमी

सायराकान, माझी बायको, मार्चच्या सुरुवातीला वारली. जुलै आला तरी आमच्या मुलीला ते माहीत नव्हतं.

मुलगी बेगायम मॉस्कोत होती, पोटुशी. त्याआधीचं मूल राहिलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी तिला इस्पितळात झोपवूनच ठेवलं होतं. सायराकानने जाण्याआधी मला बजावलं होतं, "पोरीला आत्ता काही कळवू नका. बाळ होऊ दे, बाळाचे चाळीस दिवस होऊ देत, मग सांगा." गाईला चारा घातलात का, हे ती ज्या आवाजात विचारायची, त्याच आवाजात हेही सांगितलं.

तेव्हापासून मी फोनवर खोटं बोलत होतो. आधी सायराकानचा घसा बसला. घसा किती दिवस बसवून ठेवणार? मग तिची दाढ दुखायला लागली. दाढ काढली, सूज आली, शेजारची दाढ काढली. जावयाला खरं ठाऊक होतं. तो बिचारा बेगायमसमोर फोन हातात घेऊन सासूबाईंच्या दाढेची चौकशी करायचा. शेवटी शेजारची बातमा मला म्हणाली, "सातिबाल्दी भाऊ, आता पुरे. बाईला चावायला काहीतरी शिल्लक ठेवा." उन्हाळा लागला, गावची गुरं वरच्या कुरणात गेली, तेव्हा मी सायराकानलाही त्यांच्याबरोबर पाठवून दिलं. तिथं फोन लागत नाही. मला जरा श्वास घेता आला.

मग बाळ झालं, मुलगी. चाळीस दिवस पुरे झाले. बेगायम म्हणाली, "शनिवारी येते. आईला कुरणातून खाली बोलावून ठेवा."

आमच्याकडे मरणाची बातमी अशी तोंडावर सांगत नाहीत. दारात तर कधीच नाही. ज्याला सांगायची त्याला घरात बसवायचं. गावातली चार म्हातारी माणसं आजूबाजूला बसतात. आधी चहा, आधी पावाचा घास. मग लांबून सुरुवात करायची. डोंगरसुद्धा ढासळतो, तळंसुद्धा आटतं, तळ्यावरचा हंस कुठं कायमचा राहतो, असं. हळूहळू ऐकणाऱ्याला कळत जातं, आणि शेवटी तो शब्द त्याच्याच तोंडून निघतो. सांगणाऱ्याने तो उच्चारायचा नाही. मलाही दुसरी कुठली पद्धत माहीत नाही.

आमच्या गावात हे काम मुकाम्बेत-आकेंचं. आके आम्ही वडीलधाऱ्यांना म्हणतो. वय झालंय, दात नाहीत, पण मान मोठा. अडचण एवढीच की ते फार लांबून सुरुवात करतात. साग्यनचा बाप वारला तेव्हा त्यांनी साग्यनला ती बातमी इतक्या नाजूकपणे सांगितली की साग्यनला वाटलं, म्हातारा आपला पांढरा घोडा मागतोय. "किती झाला तरी तो कायमचा आपला नसतो रे," असं मुकाम्बेत-आके म्हणाले, आणि साग्यन म्हणाला, "आके, गोड बोलून काही होणार नाही, घोडा मी विकणार नाही." तो उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी बायका रडत दारात आल्या तेव्हा त्याला कळलं.

म्हणून मला घोर लागला होता. शनिवारी बेगायम येणार आणि मुकाम्बेत-आके तिला हंसाची गोष्ट सांगणार. तिला वाटेल, आजोबा पक्ष्यांबद्दल बोलताहेत. मग बोलायचं मलाच. आणि सायराकानबद्दल तो शब्द मी अजून कुणापाशीच काढला नव्हता. गावात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे काढायची वेळच आली नव्हती.

त्याच आठवड्यात सिनेमावाले आले.

दिग्दर्शक शेजारच्या देशातला, आल्मातीचा कझाक होता, एरसाइन नावाचा. बारीक, सतत सूर्यफुलाच्या बिया सोलणारा. त्याला एक घर हवं होतं, गावाच्या टोकाला, ओढ्याजवळ, मागे डोंगर, पुढे तळं, आणि आसपास माणूस नाही. माझं घर शेवटचं आहे. मला घरात माणसं हवी होती आणि त्याला माणसं नसलेलं घर हवं होतं. मी हो म्हणालो. अर्ध्या तासात अंगणात तीन गाड्या, वायरी, दिवे आणि वीस-पंचवीस माणसं आली. एकटेपणाचा सिनेमा काढायला एवढी माणसं लागतात हे मला तेव्हा कळलं.

सिनेमा खुनाचा होता. एक परदेशी लेखक कादंबरी लिहायला एकांत शोधत इथं येतो. महिनाभर एका घरात एकटा राहतो. मागे त्याच्या देशात त्याच्या बायकोचा खून होतो.

हे ऐकून बातमाने पहिला प्रश्न विचारला, "महिनाभर एकटा? आणि शेजारीण कुठं मेलीय?"

"शेजारीण नाही दाखवलेली, काकू," एरसाइन म्हणाला.

"पण त्याला पाव कोण आणून देतं?"

"कुणी नाही. त्याला एकांत हवाय."

"हवाय म्हणून काय झालं? माझ्या दिराला दारू हवी असते, म्हणून आम्ही देतो का?"

लेखकाचं काम करणारा नट पोलंडचा होता, विटोल्ड. उंच, चेहरा कायम उपाशी असल्यासारखा. खरं तर तो उपाशी नव्हताच. पहिल्या दिवसापासून बातमा त्याला बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, खिसे भरून देत होती. पडद्यावर तो एकांतात वाळत चाललेला दिसायला हवा होता आणि त्याचा पट्टा रोज एक भोक पुढे सरकत होता. एरसाइन बातमाला हात जोडायचा. बातमा म्हणायची, "तुझा सिनेमा आहे, पण गाव माझं आहे."

गुरुवारी सगळ्यांत मोठं दृश्य होतं. पोलीस येतो, दार ठोठावतो, लेखक दार उघडतो. पोलीस म्हणतो, "तुमची बायको मेली." लेखक दाराला धरून खाली बसतो. एवढंच. पोलिसाचं काम करणारा नट आदल्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरचा कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला होता. गुरुवारी सकाळी तो परसाकडच्या खोलीतून बाहेरच येईना.

एरसाइन अंगणात फेऱ्या मारत होता. माझ्यासमोर येऊन थांबला.

"काका, तुम्ही करा."

"मी? मला येत नाही."

"यायचं काय त्यात? तुमच्या चेहऱ्यावर वाईट बातमी आधीच आहे. फक्त तोंड उघडायचं."

मी नाही म्हणणार होतो. मग मनात आलं, आज या पोलंडच्या माणसाला सांगता आलं, तर शनिवारी मुलीला सांगता येईल. हात बसेल. मी गणवेश चढवला. पोटावर आवळत होता, टोपी कानावर येत होती.

गावाला खबर लागायला वेळ लागला नाही. मुकाम्बेत-आके काठी टेकत आले, त्यांच्यासाठी कॅमेऱ्यामागे खुर्ची ठेवली. बायका कुंपणाशी बाकांवर बसल्या. डोगदुर्बेक, माझा चुलत मेहुणा, पुढेच उभा. त्याला ते काम हवं होतं. तो सकाळपासून दाढी करून तयार होता.

पहिल्यांदा मी दार ठोठावलं. विटोल्डने उघडलं. मी म्हणालो, "कसे आहात? तब्येत बरी? घरची मंडळी..." आणि तिथंच थांबलो.

"कट! काका, घरची मंडळी कशी आहेत हे तुम्हीच त्याला सांगायला आलाय!"

दुसऱ्यांदा मी काही न विचारता विटोल्डचा दंड धरला आणि त्याला आत नेऊन गादीवर बसवलं. तो मुकाट्याने बसला. गेल्या काही दिवसांत त्याला कुणी ना कुणी सारखं कुठंतरी बसवत होतंच. कॅमेरा बाहेर राहिला.

"कट! दारातच! दारात उभं राहून सांगायचं!"

"असं दारात कोण सांगतं?" मुकाम्बेत-आके खुर्चीतून म्हणाले. "माणूस पडला तर डोकं उंबऱ्यावर आपटेल."

"आजोबा, तो पडणारच आहे. तसंच लिहिलंय."

"मग लिहिणारा गाढव आहे."

एरसाइनने बिया सोलणं थांबवलं. "आजोबा, मी कझाक आहे. आमच्याकडेही हीच पद्धत. माझ्या आजीला माझ्या मामाची बातमी सांगायला माणसं दोन दिवस मुक्कामाला होती. पण या सिनेमाला पैसे लावणारे तिकडचे, परदेशातले आहेत. त्यांच्याकडे पोलीस येतो, टोपी काढतो, सांगतो आणि जातो."

"चहा न पिता?" बातमाने विचारलं.

"चहा न पिता."

बायकांनी गालावर बोटं ठेवली. कुणीतरी म्हणालं, "म्हणूनच त्यांच्याकडे खून फार होतात."

"आणि खून केला कुणी?" मुकाम्बेत-आकेंनी विचारलं.

"यानेच. लेखकाने. माणूस पाठवून करवून घेतला. म्हणूनच तो इकडे येऊन बसलाय."

"म्हणजे याला आधीच माहीत आहे?"

"हो."

"मग सातिबाल्दी त्याला सांगतोय कशाला? उलट यानेच सांगायला पाहिजे!"

एरसाइन गाडीत जाऊन बसला आणि काही वेळाने परत आला.

तिसऱ्यांदा मी मनाशी पक्कं केलं. दार उघडलं. मी टोपी काढली. विटोल्डच्या डोळ्यांत पाहिलं. त्याचे डोळे निळे होते, साधे होते, खून केलेल्या माणसाचे मुळीच वाटत नव्हते. "तुमची बायको..." मी म्हणालो. एवढं म्हटल्याबरोबर कुंपणाजवळून हुंदका आला. बातमाच होती. तिच्या पाठोपाठ बाकीच्या. त्यांना विटोल्डच्या बायकोचं काय पडलं होतं? त्यांना माझी बायको आठवली. मी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"कट," एरसाइन यावेळी हळूच म्हणाला. तो जवळ आला. "काका, जमणार नसेल तर राहू द्या. तो दुसरा तयार आहे."

डोगदुर्बेकने केसांवरून हात फिरवला.

"नाही," मी म्हणालो. "मला जमायलाच हवं. शनिवारी मुलगी येतेय."

कोण येतेय आणि कशासाठी, हे त्याला माहीत नव्हतं. मुकाम्बेत-आकेंनी सांगितलं. बराच वेळ घेऊन सांगितलं, पण या खेपेला ऐकणाऱ्याला कळलं. एरसाइनने हातातल्या बिया खिशात टाकल्या. "हवे तेवढे टेक घ्या काका," तो म्हणाला. "ऊन आहे अजून."

चौथ्या वेळेस मी विटोल्डला "डोंगरसुद्धा ढासळतो" असं म्हणालो. पाचव्या वेळेस मी काहीच म्हणालो नाही, तरी तो दाराला धरून खाली बसला. त्याला वाटलं मी बोललो. त्याला आमची भाषा येत नाही, तो फक्त माझे ओठ बघत होता आणि ते हलले होते म्हणे. सहाव्या वेळेला मी दारासमोर उभा राहिलो, टोपी काढून हातात घेतली, आणि मागे रस्त्यावर टॅक्सीचं दार वाजलं.

बेगायम होती. हातात बाळ, खांद्यावर पिशवी. शनिवारची ती गुरुवारीच आली होती. आईला चकित करायचं म्हणून. अंगणातल्या वायरी ओलांडत ती सरळ कॅमेऱ्यासमोर आली.

"बाबा! पोलिसात कधी लागलात?"

कुणी हसलं नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही. ती दिवे बघत होती, माणसं बघत होती. विटोल्ड अजून दारातच उभा होता. तिने त्याला सलाम केला. त्याने तिला केला.

"सिनेमा! आपल्या घरात! आणि मला फोनवर एक शब्द नाही. आई कुठंय? आई पण आहे का यात? ती तर नक्कीच मधे मधे करत असेल."

मुकाम्बेत-आके खुर्चीतून उठले. त्यांनी घसा साफ केला. "बेगायम, लेकी," ते म्हणाले, "ये, बस अशी. तळ्यावर एक पांढरा हंस होता..."

"आजोबा, तुम्हालाही काम दिलंय? वा!"

म्हातारा तिथंच अडकला. माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो, गणवेशात, टोपी हातात. दिवा माझ्या तोंडावर होता. मी म्हणालो,

"बेगायम, तुझी आई वारली. मार्चमध्ये."

बोललो. दिवसभर जे निघत नव्हतं ते एका दमात निघालं.

आणि ती हसली. माझी मुलगी हसली. "बाबा, अहो, तुम्हाला हे काम कुणी दिलं? असं सांगतात का कुणी? दारात उभं राहून, धाडकन? हा परदेशी माणूस रागावेल बघा." मग एरसाइनकडे वळून म्हणाली, "यांना बदला. हे आयुष्यात कुणाला काही नीट सांगू शकले नाहीत."

तिचं चुकलं नव्हतं. जे असं सांगितलं जातं ते आमच्याकडे खरं नसतंच. खरं असतं तर मी तिला बसवलं असतं, चहा दिला असता. मला पुन्हा बोलायला हवं होतं आणि माझ्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं.

मी पायरीवर बसलो. टोपी बाजूला ठेवली. बातमा कुंपणाकडून आली, तिने बेगायमच्या हातातून बाळ घेतलं आणि बाजूला झाली. मुकाम्बेत-आके खाली बसले. खुर्चीत नाही, जमिनीवर, काठी आडवी ठेवून. मग साग्यन बसला. मग डोगदुर्बेक, दाढी केलेला, तोही. एक एक करत सगळे बसले. एरसाइनने हात वर केला आणि दिवा विझला. विटोल्डला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तोही उंबऱ्यावर बसला. कुणीच काही बोलेना. मुकाम्बेत-आकेसुद्धा.

बेगायम एकटीच उभी होती. ती एकेकाकडे बघत गेली. हसू अजून तोंडावर होतं, पण त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "ती दाढ..."

मी नाही अशी मान हलवली.

"आणि कुरणात?"

मी पुन्हा मान हलवली.

"आई नाहीये," ती म्हणाली.

मग बायकांनी तिला मध्ये घेतलं आणि आत नेलं, आणि मार्चपासून राहिलेलं रडणं तिने रडून घेतलं. आम्ही पुरुष बाहेर उभे राहिलो आणि जसं रडायचं असतं तसं मोठ्याने रडलो. एरसाइन आमच्याबरोबर उभा होता. त्याच्या माणसांनी कॅमेऱ्यावर कापड टाकलं होतं. ते माझ्या नंतर लक्षात आलं.

ते दृश्य दुसऱ्या दिवशी डोगदुर्बेकने केलं. पहिल्याच टेकला. दार ठोठावलं, टोपी काढली, सांगितलं, गेला. एरसाइन म्हणाला, उत्तम. तेव्हापासून गावात कुणी आजारी पडलं की डोगदुर्बेकला त्या घरात येऊ देत नाहीत. तो कुंपणाबाहेरून हाक मारून विचारपूस करतो. बायका म्हणतात, "तिथूनच बोल, भाऊ, पाय आत टाकू नकोस." तो म्हणतो, "अहो, सिनेमा होता तो!" त्या म्हणतात, "असेल. पण तुला जमलं ना."

शनिवारी मी बेगायमला टेकडीवर घेऊन गेलो. बाळ तिच्या पाठीला बांधलेलं होतं. कबरीवर गवत आलं होतं. ती कबरीपाशी बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगा."

"काय सांगू?"

"सगळं. त्या दिवसाचं. काही लपवू नका, आणि हंस-बिंस नको."

मी सांगायला लागलो. सकाळी ती उठली, तिने चुलीत लाकडं घातली, दुधाचा चहा मागितला...

"दुधाचा नाही," बेगायम म्हणाली. "आई सकाळी दूध घालत नव्हती."

"घालायची."

"बाबा, तुमच्या चहात घालायची. स्वतःच्या कधीच नाही. तुम्ही एवढी वर्षं बघितलं नाही?"

मी विचार केला. मला खरंच आठवेना. मी पुढे गेलो. मग ती खिडकीपाशी बसली, निळा रुमाल बांधून.

"निळा? तो तिने मला दिला होता. माझ्याकडे मॉस्कोत आहे."

"मग हिरवा."

"हिरवा तिला आवडायचा नाही. तो बातमा काकूंनी दिलेला म्हणून बांधायची, त्या आल्या की. त्या दिवशी बातमा काकू येणार होत्या?"

"हो, येणार होत्या. मांसाचा वाटा घेऊन."

"मग बरोबर. मग हिरवा." तिने डोळे पुसले. "तुम्हाला काहीच नीट माहीत नाही, बाबा."

"मग तूच सांग," मी म्हणालो.

ती थोडी सरकून बसली आणि सायराकान कशी होती ते मला सांगायला लागली. बाळ उठलं, तिने त्याला शालीआड पाजायला घेतलं, पण बोलायची थांबली नाही. तळ्यावरून वारा येत होता. मी ऐकत होतो. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.